कुर्ल्याचा पत्रा

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली अशा ठिकाणी, साठ-सत्तर वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींच्या आवारांत, मीटरच्या पेट्यांजवळ किंवा कुंपणाच्या भिंतीला लागून, ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जुनी फियाट अजूनही आढळते. तिच्या चाकांतली हवा केव्हाच गेलेली असते, काचांवर जांभळाच्या पाचोळ्याचा थर बसलेला असतो, आणि मालक हयात नसला तरी त्याचे नाव आरटीओच्या दप्तरी कायम असते. शेजाऱ्यांची तिच्याविषयीची वृत्ती आजवर उदासीन होती, वैराची नव्हती. इमारतींच्या पुनर्विकासाचे वारे वाहू लागल्यापासून मात्र तिचे दिवस भरत आले आहेत. सूचनाफलकावर बेवारस वाहने अमुक मुदतीत हलवावीत असा हुकूम लागतो, भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगतो, आणि पुढच्या नव्या टोलेजंग इमारतीच्या यांत्रिक पार्किंगमध्ये या म्हाताऱ्या गाडीला जागा मिळण्याची शक्यता नसल्यामुळे वारसही निमूटपणे मान डोलावतात.

माझ्या वडिलांची १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट अशाच एका नोटिशीमुळे आवाराबाहेर पडली. ती भंगारात न जाता साकीनाक्याजवळच्या एका गल्लीतल्या डेंटरकडे गेली. आणि तेथे तिच्या पत्र्यावर, गाद्यांवर नि अंतरंगावर जे काम झाले ते जवळून पाहताना माझे एक मत पक्के झाले, ते असे की जुन्या गाडीतला गंज निर्दयपणे काढावा आणि झीज मात्र जिवापाड राखावी. हे दोन प्रकार वरवर सारखेच दिसतात, दोन्ही काळाची कृत्ये आहेत, आणि बहुतेक लोक एकाच पॉलिश पेपरने दोन्ही पुसून टाकतात.

ही गाडी कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, ज्यांच्या पुढाकाराने १९१९ साली सिंदिया जहाज कंपनी उभी राहिली आणि १९४० साली बंगळूरचा विमानांचा कारखाना निघाला, त्यांनीच १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. आरंभी तेथे क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा भारदस्त अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीतील ट्युरिन शहराच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४च्या सुमारास ११०० जातीची गाडी आली. तिच्या गोलसर अंगामुळे आपल्या लोकांनी तिला प्रेमाने डुक्कर फियाट म्हटले, आणि तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असल्याने उलट उघडत, हे आजही पुष्कळांच्या स्मरणात असेल. १९६४च्या सुमारास डिलाइट आली: दरवाजे सरळ उघडणारे, मागे दोन लहान पंख, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत, १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन. हीच गाडी १९७०च्या दशकाच्या आरंभी प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी झाली, आणि शतक संपेपर्यंत थोड्याफार फरकाने तीच राहिली.

लाल बहादूर शास्त्रींनी पंतप्रधानपदी असताना, १९६४ साली, जी गाडी घेतली तीही फियाटच. किंमत १२,००० रुपये. त्यांतले ५,००० त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले, आणि त्यांच्या आकस्मिक निधनानंतर ते कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी फेडले. कुर्ल्याच्या कारखान्यापुढून जाणारा जुना आग्रा रोड पुढे त्याच शास्त्रीजींच्या नावाने ओळखला जाऊ लागला, ही गोष्ट कोणी योजून केली नसेल. पण त्या रस्त्याने जाताना मला ती दर वेळी आठवते. कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत, आणि बाजूच्या रस्त्याचे प्रीमिअर रोड हे नाव तेवढे उरले आहे.

वडील घाटकोपरला डॉक्टर होते. ज्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून, अनामत भरून, वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहावी लागे, त्या परवान्यांच्या काळात ही गाडी त्यांना मिळाली, आणि ती जेथे घडली त्या ठिकाणापासून दोन-अडीच मैलांवरच तिने आपले सारे आयुष्य काढले. असल्फ्याच्या टेकडीवर, किरोळच्या चाळींत, विक्रोळीच्या कामगार वसाहतींत ती रात्री-अपरात्री गेली. आणि तिच्या पत्र्यावर ज्यांचे हात फिरले असतील असे प्रीमिअरमधले कित्येक कामगार वडिलांचे रुग्ण होते. पुढच्या सलग आसनावर डाव्या हाताला त्यांच्या बॅगेची जागा ठरलेली असे, आणि बॅगेच्या पितळी कोपऱ्याने तेथील रेक्झिनवर एक लांबट घळ पाडली होती. चालकाच्या खिडकीच्या कडेवर, जेथे त्यांचे उजवे कोपर टेकत असे, तेथला रंग घासून घासून उघडा पत्रा दिसू लागला होता. ही झाली झीज.

गंज आला तो २६ जुलै २००५च्या पाण्याने. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि आमच्या आवारात पाणी गाडीच्या खिडक्यांपर्यंत चढले. पाणी ओसरले, गाद्या उन्हात वाळवल्या, इंजिनातला चिखल काढला. पण जो बारीक गाळ दरवाज्यांच्या पोटात आणि दरवाज्यांखालून आडव्या जाणाऱ्या पोकळ तुळयांत शिरला होता, त्याचा कोणाला सुगावाही लागला नाही. दरवाज्याच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. खिडकीच्या काचेवरून उतरणारे पावसाचे पाणी त्या वाटेने बाहेर पडावे अशी मूळ आखणी करणाऱ्याची तजवीज असते; ती छिद्रे गाळाने नि पाचोळ्याने बुजली की आत दमट चिखल वर्षभर तसाच राहतो आणि पत्रा आतून सडत जातो. वरून रंग शाबूत, बोटाने दाबले तर पापुद्रा आत जातो. मुंबईच्या हवेत, जेथे समुद्राचा खारेपणा आहे आणि चार महिन्यांचा पाऊस आहे, गाड्या बहुधा अशाच मरतात.

या जातीच्या गाडीला लॉरीसारखी निराळी चासी नसते. तळाचा पत्रा, दोन बाजूंच्या पोकळ तुळया, खांब नि छप्पर मिळून जो एक पेटारा होतो तोच तिचा सांगाडा. म्हणून सडलेली तुळई कापून नवी जोडणे हे काम दिसते तितके साधे नाही. कापण्यापूर्वी गाडीला योग्य ठिकाणी आधार दिले नाहीत तर तिचे अंग खचते, आणि मग नवी तुळई कितीही सुबक बसवली तरी दरवाजा लागत नाही. आमच्या मिस्त्रींनी आधी दरवाजे बंद करून चारी बाजूंच्या फटी मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवल्या, लाकडी ठोकळे लावले, आतल्या बाजूने खांबाखांबांत लोखंडी पट्ट्या तात्पुरत्या जोडून घेतल्या, आणि मगच छिन्नीला हात घातला. एका वेळी एकच बाजू, आणि तीही तुकड्यातुकड्याने, हा त्यांचा शिरस्ता.

मिस्त्री मूळचे चिपळूणकडचे, कुर्ल्यात वाढलेले. माझ्याशी ते मराठीतच बोलत. त्यांचे एक काम मी विशेष जवळून पाहिले. डाव्या मागच्या दरवाज्याचा पत्रा कोणे एके काळी आपटून आत गेला होता, आणि त्या वेळी कोणीतरी तो आतून वाटेल तसा ठोकून बाहेर काढल्याने ताणला गेला होता. ताणलेला पत्रा मधोमध दाबला की डबडब वाजतो आणि सोडला की पुन्हा वर येतो. तो लांबीने भरून झाकता येतो, पण काही पावसाळ्यांनंतर लांबी तडकते. मिस्त्रींनी गॅसची बारीक ज्योत त्या फुगवट्याच्या माथ्यावर धरली. रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका लाल झाला, तसे त्यांनी मागे लोखंडी डॉली टेकवून वरून हलक्या हातोडीने ठिपक्याभोवती चार-सहा ठोके दिले आणि लगेच ओले फडके दाबले. वाफ उडाली. पत्रा त्या जागी आकसला. मग दुसरा ठिपका, तिसरा, एकमेकांपासून अंतर राखून. प्रत्येक वेळी ते तळव्याखाली पातळ कापड घेऊन, डोळे मिटून, दरवाज्यावरून हात फिरवीत. कापडामुळे हात अडखळत नाही आणि उजेडात डोळ्यांना न दिसणारी लाट तळव्याला कळते. वडील रुग्णाच्या पोटावर हात ठेवून जसे क्षणभर गप्प होत, तसेच ते गप्प होत.

मी विचारले, "मिस्त्री, नवा दरवाजा मिळाला असता ना?"

"मिळेल की, साहेब. टॅक्स्या तुटल्या तेव्हा किती दरवाजे आले बाजारात. पण हा पत्रा अजून जिवंत आहे. मेला असता तर मीच सांगितलं असतं, बदला म्हणून."

टॅक्स्या तुटल्या, हे त्यांचे शब्द खरे होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे नाहीशी झाली. निदान एक तरी टॅक्सी जतन करावी अशी टॅक्सी संघटनेची मागणी होती. त्या गाड्यांचे दिवे, काचा, कड्या, बिजागऱ्या आजही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत आणि चोर बाजारात सापडतात. पण जाणत्या माणसाबरोबर गेले पाहिजे, कारण पद्मिनीचा प्रत्येक भाग डिलाइटला जसाच्या तसा लागत नाही, आणि विकणाऱ्याला दर वेळी ते ठाऊक असतेच असे नाही.

रंगाचे काम पावसाळा संपेपर्यंत थांबवावे लागले. जुन्या पद्धतीचा जो रंग गॅरेजात ड्युको या नावाने ओळखला जातो, तो नायट्रोसेल्युलोजचा असतो, झपाट्याने वाळतो, आणि वाळताना हवेतला ओलावा ओढून घेऊन पृष्ठभागावर पांढुरकी धुरी धरतो. म्हणून जाणता पेंटर आषाढ-श्रावणात फवाऱ्याला हात लावीत नाही. मधल्या काळात मूळ रंगाचा शोध लागला. बाहेरून गाडीवर चढलेले थर खरवडताना पांढरा, त्याखाली तपकिरी, त्याखाली लाल ऑक्साइड असे निघत गेले आणि नेमका कोणता थर कारखान्याचा याचा उलगडा होईना. शेवटी मागच्या आसनाची पाठ काढली तेव्हा तिच्यामागच्या पत्र्यावर, जेथे ऊन कधी पडले नव्हते आणि कोणा पेंटरचा फवारा कधी पोचला नव्हता, फिकट राखाडी-निळा रंग जसाच्या तसा होता. नमुना तेथूनच घेतला, आणि ती जागा मात्र न रंगवता तशीच ठेवली. पुढे कोणाला शंका आली तर पुरावा तेथे आहे.

अंतरंगाचे काम गादीवाल्याकडे घाटकोपरलाच झाले. पुढचे आसन उसवले तेव्हा वर रेक्झिन, त्याखाली कापसाचा थर, मग काथ्या, मग गोणपाट, आणि सर्वांत खाली स्प्रिंगा, अशी रचना निघाली. गोणपाट कुजले होते, काही स्प्रिंगा तुटल्या होत्या, काथ्याचे पीठ झाले होते. हल्ली या जागी सरसकट फोम भरतात. तो स्वस्त आहे, कामही लवकर होते, पण फोमवर बसलेला माणूस आसनात रुतत नाही, वर तरंगतो, आणि त्या गाडीत बसण्याची जी एक विशिष्ट, किंचित खोल, समोरच्या काचेतून रस्ता थोडा उंच दिसणारी बैठक होती ती नाहीशी होते. आम्ही काथ्याच भरला. छताचे कापड फाटून लोंबत होते, ते बदलले. दरवाज्यांची रबरी बीडिंग दगडासारखी कडक झाली होती, ती बदलणे भागच होते, कारण पाणी आत येण्याची पहिली वाट तीच. पुढच्या त्रिकोणी काचा, ज्या फिरवल्या की चालत्या गाडीत वारा थेट तोंडावर येई आणि ज्यांच्यामुळे मे महिन्यातही पंख्याची आठवण होत नसे, त्या सुदैवाने मूळच्याच आणि अभंग होत्या. एका हितचिंतकाने वातानुकूलन यंत्र, विजेवर चालणाऱ्या काचा आणि चकचकीत धातुवर्णी रंग अशी सूचना केली. तीवर फार विचार केला नाही.

क्रोमच्या भागांविषयी मात्र दीर्घ खल झाला. बंपरवर आधी तांब्याचा, मग निकेलचा, आणि वर क्रोमचा अत्यंत पातळ थर असतो. पुन्हा मुलामा द्यायचा तर जुना उतरवून धातू घासावा लागतो, आणि त्या घासण्यात कडा बोथट होतात, उठावाची अक्षरे पुसट होतात. बंपरला गंजाने खड्डे पाडले होते, म्हणून ते मुलाम्याला पाठवले. रक्षापात्राचे झाकण, दरवाज्याच्या आतल्या कड्या, हॉर्नची कडी यांचे तेज फक्त मंद झाले होते. ती पुसून तशीच बसवली. खिडकीच्या कडेवरचा तो उघडा पत्रा स्वच्छ करून त्यावर पारदर्शक लॅकर मारले, म्हणजे तेथे गंज धरणार नाही आणि कोपराची जागाही राहील. पेंटरला हे पटले नाही. एवढी सुंदर गाडी आणि तिला हा डाग, असे तो म्हणाला. आसनावरची ती लांबट घळही आहे तशी राखली. गादीवाल्याने तेवढा रेक्झिनचा तुकडा जपून सोडवला, मागून कापड लावले, आणि नव्या रेक्झिनच्या मध्ये शिवून दिला. रंगाची छटा जुळत नाही. जुळवण्याचा प्रयत्नही केला नाही.

युरोपात या प्रश्नाचा पुष्कळ विचार झालेला आहे. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे फिवाने, २०१२-१३च्या सुमारास एक सनद संमत केली, आणि तिला नाव आहे ट्युरिनचे. ज्या शहरात आमच्या गाडीचा मूळ आराखडा झाला त्याच शहराचे. जे टिकले आहे ते टिकवण्याला अग्रक्रम, नव्याने घडवणे शेवटचा उपाय, आणि जे बदलले त्याची नोंद ठेवावी, असा तिचा सारांश आहे. आपल्या सरकारनेही २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नियम केले: नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पाटीवर व्हीए ही अक्षरे, दहा वर्षांची मुदत, आणि प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती असल्या मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर येण्याची मुभा. त्यांतली अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात भारी फेरफार केलेला नसावा. ही अट मला रास्त वाटते. सडलेली तुळई त्याच आकाराने, त्याच जाडीच्या पत्र्याने जोडणे हा फेरफार नव्हे, ती सांगाड्याची शुश्रूषा आहे. पण छप्पर कापून उघडी गाडी करणे, मडगार्ड रुंदावणे, पंख छाटणे, हे प्रकार शौकाच्या नावाखाली सर्रास होतात, आणि त्यांना कोठेतरी आडकाठी हवीच होती.

कायद्याला जे जमणार नाही ते निराळे आहे. आजच्या गाड्यांचा पत्रा दुरुस्त करण्यापेक्षा बदलण्याची रीत आहे. दरवाजा चेपला की विम्यातून नवा दरवाजा येतो, आणि जेथे ठोकपीट होतेच तेथेही लांबीचा जाड लेप देऊन गाडी संध्याकाळी सोडली जाते. मिस्त्रींचा मुलगा एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आहे. तो बोल्ट सोडून जुना भाग काढतो नि नवा लावतो, पगार नियमित मिळतो, आणि गॅसच्या ज्योतीने पत्रा आकसवण्याचे काम त्याला येत नाही, कारण त्याला ते कधी लागलेच नाही. त्याला दोष देण्याचे काही कारण नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्यालगतच्या ज्या पत्र्याच्या शेडींत हे काम चाले, त्यांच्या जागीही आता काचेची कार्यालये उठत आहेत. मिस्त्रींकडे सध्या एक बिहारचा मुलगा हाताखाली आहे. तळव्याखाली कापड धरण्याची त्याची पद्धत पाहून मला आशा वाटली. पण जुन्या गाड्यांचे काम महिनोन्महिने येत नाही, आणि मधल्या काळात त्याला कोणी पगार द्यावा?

म्हणून ज्यांच्या आवारात अशी फियाट उभी असेल त्यांना माझी विनंती आहे. पुनर्विकासाची मुदत भरण्याची वाट पाहू नये. ताडपत्री आज काढावी, कारण तिच्याखाली ओल कोंडते आणि ती गाडीचे रक्षण करण्याऐवजी तिला कुजवते. दरवाज्यांच्या तळाची छिद्रे तारेने मोकळी करावीत. एखाद्या जुन्या डेंटरला बोलावून आणावे आणि काय मेले आहे, काय जिवंत आहे, हे त्याच्या तोंडून ऐकावे. काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा. आणि मजुरी ठरवताना घासाघीस न करता मिस्त्रीच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाचा रोज त्या हिशेबात वेगळा धरावा.